बुरुजाची खिडकी कुणीकडे

जयपूरला समुद्र नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या बाबांना मात्र त्याची अधूनमधून आठवण करून द्यावी लागायची. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर बसलेले असताना, समोर कडुनिंबाखाली उंटगाडीवाला बिडी ओढत असताना, ते डोळे मिटून म्हणायचे, "आज वारा खारा आहे." आतून आईचा आवाज यायचा, "शेजारी पापड वाळू घातले हायेत जी. त्याचाच वास असंन."

आई नागपूरकडची, बाबा थेट तळकोकणातले. समुद्र तिने पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर सासरी गेल्यावर, आणि त्याबद्दलचं तिचं मत तेव्हाच पक्कं झालं होतं. "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येत नाही," असं ती म्हणे. त्यावर बाबा बुरुजाकडे वळत.

बुरूज म्हणजे आमच्या गावचा निशाणाचा बुरूज. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर होते, त्यामुळे ते त्याला 'आपला पहिला सिग्नल' म्हणत. गावाच्या टोकाला समुद्रात शिरलेलं एक खडकाळ नाक आहे, त्यावर तो उभा. तांबड्या जांभ्याचा, गोल, वर निमुळता होत गेलेला. बाहेरून चुन्याचा गिलावा होता, तो बराचसा गळून गेलेला. भिंती इतक्या जाड की जिना भिंतीच्या पोटातूनच वर चढतो, आणि तिथून एका वेळी एकाच माणसाने जायचं, तेही अंग चोरून. मधला मजला लाकडी होता, तो केव्हाच कोसळला. तुळयांची भोकं तेवढी राहिली आणि त्यांत पारव्यांनी संसार मांडले. माथ्यावर छातीएवढा कठडा, त्याची समुद्राकडची बाजू वाऱ्यापावसाने ढासळलेली. तळाशी आतल्या भिंती काळ्याकुट्ट. आणि मधल्या मजल्याच्या उंचीवर, जिन्याला लागून, एकच मोठी खिडकी. या खिडकीत दिवसा निशाण आणि अंधार पडल्यावर दिवा लावून गलबतांना खाडीचं तोंड दाखवत, असं बाबा सांगायचे.

सांगता सांगता बुरुजाचा हुद्दा वाढत गेला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मासे मारणाऱ्या होड्यांना वाट दाखवायचा. मी पाचवीत जाईपर्यंत तो नारळ आणि मिठाच्या गलबतांना वाट दाखवू लागला. आठवीत गेले तेव्हा त्याने एक आख्खं आरमार खडकावर आपटण्यापासून वाचवलं होतं. आई म्हणायची, "पुढच्या वर्षी विमानं उतरवीन तो."

माणूस गावावर इतका जीव टाकतो म्हटल्यावर दर सुट्टीत गावी जात असेल, असं कुणालाही वाटेल. तर तसं नव्हतं. रेल्वेचा पास होता, त्या पासावर आम्ही काश्मीरच्या पायथ्यापासून कन्याकुमारीपर्यंत हिंडून आलो. पण तेव्हा कोकणात रेल्वेच नव्हती. मुंबईपर्यंत पास, आणि तिथून पुढे घाट उतरत, वळणं घेत दिवसभराची एस.टी. आणि बाबांना बस लागायची. जन्मभर रुळांवर राहिलेला हा माणूस डांबरी रस्त्यावर आला की पहिल्याच वळणाला हिरवानिळा व्हायचा. "पुढच्या वर्षी जाऊ, रजा बघतो," असं म्हणत वर्षं गेली. त्यांची आई वारली तेव्हा ते गेले होते, आणि त्यानंतर गेलेच नाहीत. मी तेव्हा कडेवर होते. गावच्या घरात आत्या एकटी राहायची, बाबांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी परतलेली. तिची पत्रं यायची, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, कधी येतोस. बाबा पत्र मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्या ओळीशी आले की त्यांना खोकला यायचा.

आता बँकवाल्या काकांबद्दल सांगायला हवं. बनी पार्कात राहणारे हे काका मूळचे पुण्याचे, आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस, आणि सगळ्या विषयांतले जाणकार. मंडळाचा गणपती बनी पार्कातल्याच एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये बसायचा. दरवर्षीचा देखावा ठरलेला असायचा: थर्मोकोलचा कैलास आणि त्यावर कापूस. त्या वर्षी बैठकीत बाबा उभे राहिले आणि म्हणाले, यंदा आपण कोकणातला निशाणाचा बुरूज करू या. मुलं इथे वाढतात, त्यांना समुद्र कळायला हवा. त्यांनी गावाचं नावही सांगितलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "त्या गावचा? नाकावरचा? अहो, मी दोन खेडी सोडून बँकेच्या शाखेत होतो. स्वतः जाऊन पाहिलाय. ती चुन्याची भट्टी आहे."

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं.

"भट्टी?" बाबा म्हणाले.

"शिंपले भाजून चुना करायची भट्टी. आतून काळी आहे की नाही, तुम्हीच सांगा."

"ती मशालीची काजळी आहे!"

"मशालीने एवढी काजळी धरायला आरमार रोज बुडायला हवं होतं," काका शांतपणे म्हणाले. आरमाराची गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. मला आईचा संशय आहे.

बाबा घरी आले ते न जेवता ओट्यावर बसले. माणसाच्या खानदानाबद्दल काही बोललं तरी तो एवढा दुखावत नाही. त्या रात्री त्यांनी ठरवून टाकलं: देखावा बुरुजाचाच होणार, आणि तो बुरूज आहे की भट्टी याचा निकाल आत्या देणार. तो चालू असताना बघितलेलं आमच्या घरात ती एकटीच उरली होती. बाबांना समज आली तेव्हा बुरूज बंद पडून पडझडीला लागलेला होता.

आत्या तशीही येणारच होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि जयपुरात चांगला डॉक्टर आहे म्हणून बाबांनी कधीपासून लकडा लावला होता. त्यात त्यांचा दुसरा हिशोब होता, तो त्यांनी आईपाशी बोलून दाखवला. "डोळे उघडले की बाय माझा बुरूज बघेल. आणि 'होय, हाच तो' एवढं म्हणेल. बास." आत्याला ते 'बाय' म्हणत. चाळिशी उलटलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या इन्स्पेक्टरला त्या तीन शब्दांची किती गरज होती, हे आठवलं की मला अजून हसू येतं.

आत्या आली ती मुंबईपर्यंत गावच्या कुणाच्या सोबतीने, पुढे बाबांबरोबर, पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन लुगडी, कोकमं, आणि बाकी सगळी सुकट. मुंबईपासूनच्या डब्याने ती सुकट सहन केली होती, आमच्या चाळीला ते जमलं नाही. पहिल्याच दिवशी सुकट तव्यावर पडली आणि वरच्या मजल्यावरच्या गार्डसाहेबांच्या बायकोने जिन्यातून हाक दिली, "भाभीजी, कुछ जल रहा है क्या?" आई म्हणाली, "हाँ जी, बिजली का तार." पुढचे दोन महिने आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बिजलीची तार जळत असे.

आधी एक डोळा, मग दुसरा. तेव्हा आतासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी येणं नव्हतं. पट्टी बांधून सरळ पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, आणि जाड भिंगाचा चष्मा मिळायचा तो कितीतरी आठवड्यांनी. तोवर आत्या ओट्यावरच्या बाजेवर हिरवी झापड लावून बसलेली असायची आणि तिच्यापासून चार हातांवर बाबा बुरूज उभारत असायचे.

मंडळाने शेवटी परवानगी दिली होती, कारण कैलासाचा कापूस उंदरांनी नेला होता. बांबू आणि तरटाचा सांगाडा, त्यावर प्लास्टरचा लेप. लेपासाठी बाबांनी खातीपुऱ्याचा एक गवंडी धरला. माणूस हाताचा चांगला, पण त्याच्या डोक्यात इमारत म्हणजे काय हे जन्मापासून ठरलेलं होतं. दुपारी बाबा ड्यूटीवरून आले तर बुरुजाच्या माथ्यावर सुबक घुमटीची छत्री.

"ये क्या है?"

"छतरी है, साहब. बिना छतरी के नंगा लग रहा था."

"वहाँ आदमी खड़ा होता है, समंदर देखने!"

"तो धूप नहीं लगेगी उसको?" गवंड्याने विचारलं.

छत्री गेली. दोन दिवसांनी खिडकीला महिरप आणि खाली कमळाच्या पाकळ्या आल्या. त्याही गेल्या. बाबांची पाठ वळली की गवंडी माझ्याकडे बघून अशी मान हलवायचा, की साहेबांच्या घरी कुणी आजारी आहे असं बघणाऱ्याला वाटावं. उंटगाडीवाला रोज येऊन थोडा वेळ उभा राहायचा. एकदा त्याने विचारलं, "ईसरलाट बना रहे हो, बाबूजी?" जयपूरच्या बाजारातला तो जुना उंच मनोरा. बाबांनी त्याला समुद्र, गलबतं, खाडी सगळं समजावलं. त्याने मनापासून ऐकलं आणि म्हणाला, "अच्छा, ईसरलाट ही है."

रंगाचं मात्र जमलं. जांभ्याचा तांबडा कुठून आणायचा म्हणून बाबा काळजीत होते, तर गवंड्याने गेरूची गोणी आणून टाकली. सगळं शहर ज्या गेरूने गुलाबी दिसतं, त्याचाच हात जरा जाड दिला की झाला कोकणातला जांभा. बाबा दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. त्यांचा चेहरा मला आठवतो. ते त्या क्षणी जयपुरात नव्हते.

खिडकीत ठेवायला त्यांनी एका निवृत्त सहकाऱ्याकडून त्याचा जुना हातदिवा मागून आणला होता, काच फिरवली की लाल, फिरवली की हिरवा. खिडकी अर्थातच समुद्राकडे. समुद्र होता देखाव्याच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून. लोक बसणार ते गावाच्या बाजूला. तेव्हा लोकांना दिवा दिसणार नाही, नुसता त्याचा उजेड भिंतीवर पडेल, असं मी म्हटलं तर बाबांनी मला समजावलं, "मतलब काय सिग्नलचा? येणाऱ्या गाडीला दिसला पाहिजे. स्टेशनवरच्या लोकांना दाखवून काय करायचंय?" सिग्नल खात्यातल्या माणसाला याहून उघड गोष्ट दुसरी नव्हती.

हे सगळं ते बांधता बांधता आत्यालाही सांगत असायचे. बाय, आता जिना केला. बाय, आता कठडा ढासळवला, अगदी तसाच. बाय, खिडकी समुद्राकडे काढली. हिरव्या झापडेमागून आत्या म्हणायची, "हं."

तिचा 'हं' म्हणजे मोठंच प्रकरण होतं. चहा चांगला झाला तरी 'हं', बिघडला तरी 'हं'. बाबांनी प्रत्येक 'हं' आपल्या बाजूने धरला. आई एकदा हळूच म्हणाली, "वन्संचा हा हं मले बरा नाही वाटत." बाबांनी लक्ष दिलं नाही. हात लावून बघते म्हणाली तर आत्याला हातही लावू दिला नाही. पुरा झाल्यावर, डोळ्यांनीच बघायचा, असा त्यांचा हट्ट.

राहिला समुद्र. निळा कागद आणला, तो कागदच दिसत होता. निळा रंग फासला, तर गवंडी म्हणाला, हौज अच्छा बना है. गणपती तोंडावर आले आणि बाबांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या लहरियावर गेली. लहरिया म्हणजे तिकडच्या बायकांची श्रावणातली साडी, सबंध अंगावर तिरक्या लाटा रंगवलेल्या. आईने त्या वर्षी शेजारणींबरोबर तीज करायची म्हणून हौसेने घेतला होता, निळा आणि पांढरा, एकदाच नेसलेला. जिथे समुद्र नाही तिथल्या लोकांनी लाटा कापडावर काढून ठेवल्या होत्या, आणि बाबांना त्या आयत्याच मिळाल्या.

"माह्या साडीचा समुद्र करता का जी?" आई म्हणाली.

"दहाच दिवस."

"अन् दहा दिवसांनी काय, भरती ओसरते का?"

पण तिने दिला. इस्त्री करून दिला, आणि खिळे ठोकायचे नाहीत, टाचण्याच लावायच्या, अशी अट घातली. त्या साडेपाच वार समुद्रावर मग दोन होड्या बसल्या आणि आमचा देखावा पुरा होऊन उंटगाडीवरून हॉलमध्ये गेला.

आत्याला चष्मा मिळाला तो गणपती बसायच्या आदल्याच दिवशी. त्या जाड भिंगांमागे तिचे डोळे एवढे मोठे दिसायचे की ती सारखी आश्चर्यचकित वाटायची. तिने आधी आईला न्याहाळलं, मग मला, मग बाबांच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "केस खंय गेले रे तुझे, बाबू?" बाबा इतके खूश होते की त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि हसले.

संध्याकाळच्या आरतीला हॉल भरलेला. बँकवाले काका पहिल्या रांगेत. मूर्तीच्या उजव्या हाताला आमचा बुरूज, माणसापेक्षा उंच, तांबडा, एका बाजूने ढासळलेला, मागे निळ्या लाटा, आणि खिडकीतल्या दिव्याचा हिरवा उजेड त्या लाटांवर. बोलायचं काम नाही, सुंदर दिसत होता. आरती संपली, प्रसाद वाटला गेला, आणि बाबांनी आत्याचा हात धरून तिला पुढे आणलं. "बाय," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघ. ओळखीचा वाटतो?"

आत्या जवळ गेली, गिलाव्यावरून हात फिरवला, ढासळलेल्या कठड्यावरून फिरवला. वाकून तळाच्या दारातून आत डोकावली. तिथे बाबांनी मशालीची काजळी म्हणून काळा रंग दिलेला होता. मग बुरुजाला वळसा घालून मागे, समुद्राच्या बाजूला गेली, खिडकीपाशी. परत पुढे आली.

"बरो केलंस," ती म्हणाली. "पण उलटो केलंस."

काका पुढे सरकून बसले.

"उलटा म्हणजे?"

"खिडकी दर्याकडे नाय होती. गावाकडे होती."

"बाय, अगं सिग्नल आहे तो. गलबतांना दिसायला नको?"

"गलबतातल्या माणसाक आपलो गाव खंय ता म्हायत आसता," आत्या म्हणाली. "म्हायत नसता ता घराकडल्यांका."

मग तिने सांगितलं, उभ्याउभ्याच, भाजीत मीठ किती घालायचं हे सांगताना असायचा त्याच आवाजात. माथ्यावर राखणदार बसायचा, समुद्राकडे तोंड करून. लांबवर शीड दिसलं की कुणाचं ते त्याला शिडावरून, चालीवरून ओळखू यायचं. मग तो खाली मधल्या मजल्यावर यायचा आणि गावाकडच्या खिडकीत त्या घराचा फडका लावायचा. प्रत्येक घराचा रंग वेगळा. फडका लागला की त्या घरात चूल पेटायची, पाणी तापायचं, पोरं धक्क्यावर पळायची. पुढे खाडी गाळाने भरली, मोटाररस्ता झाला, गलबतं गेली, राखणदारही गेला. मग लोकांनी तळाच्या खोलीत शिंपले भाजायला घेतले.

"म्हणजे भट्टी होतीच!" पहिल्या रांगेतून काका म्हणाले.

"होती तर. मागसून," आत्या म्हणाली. "ती काळी भिंत भट्टयेची. मशाल बिशाल कोण लावी नाय."

लहानपणी रोज बघितलेली खिडकी सांगता सांगता बाबांनी कधी समुद्राकडे फिरवली, ते त्यांनाही कळलं नव्हतं. एका दमात त्यांची खिडकी गेली, काजळी गेली, आणि आरमार तर सगळंच्या सगळं बुडालं. लोक हसले. वाईटपणाने नाही, पण हसले. बाबाही हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. तेव्हा त्यांनी, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि आपला फडका कुठला होता?"

आत्याने मागच्या समुद्राकडे बोट दाखवलं. "निळो. ह्या एवढो नटवो नाय, सादो."

आमचे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, एवढं आम्हाला माहीत होतं. ते समुद्रातून परत आले नाहीत हेही माहीत होतं. त्यांच्याबद्दल याहून जास्त बाबा कधी बोलले नव्हते, कारण त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"तू पाळण्यात होतंस," आत्या म्हणाली. "त्या वर्सा सगळ्यांचे फडके लागले. आमचो लागलो नाय. आये रोज पडवेत बसा, मी तिच्या बाजूक. आये गेली तरी माजी नजर थंयच जाता. आता बुरुजार कोण नाय, म्हायत आसा माका. तरी सवय." तिने चष्मा काढून पदराने पुसला, आणि बिनचष्म्याच्या डोळ्यांनी बाबांच्या दिशेला बघत म्हणाली, "आदी बापाशीची वाट बघलंय. मगे तुझी."

कुणी हसलं नाही. बाबा बुरुजापाशी गेले, खांदा लावला आणि ढकलायला लागले. बांबूचा असला तरी प्लास्टरने तो भलताच जड झाला होता, हलेना. तेव्हा पहिल्या रांगेतून बँकवाले काका उठले, झब्ब्याच्या बाह्या सारल्या आणि दुसऱ्या बाजूने खांदा लावला. दोघांनी मिळून, करकर आवाज करत, बुरूज सबंध फिरवला. कठड्याची चांगली बाजू समुद्राकडे गेली, पडकी गावाकडे आली. ते चुकलंच, पण चाललं. खिडकी आता आमच्या सगळ्यांच्या तोंडावर होती. बाबांनी दिवा काढून घेतला आणि खिडकी मोकळी ठेवली.

आत्या दिवाळीपूर्वी परत गेली. निघताना आईने तिच्या पदरात लहरिया घातला. आत्या म्हणाली, "गे, माका ह्यो कित्याक? विधवा बाई मी, हे रंग खंय नेसतलंय?" आई म्हणाली, "नेसू नका वन्सं. ठेवा. तुमच्याच कामाचा हाये." ती साडी आईला किती आवडत होती हे मला माहीत होतं, आणि आईला माणूस कळायला फार वेळ लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या मे महिन्यात बाबांनी रजा मागितली आणि रजा मिळाली. इतकी वर्षं मिळत नव्हती ती कशी मिळाली, असं आईने विचारलं, तेव्हा त्यांना खोकला आला. मुंबईपर्यंत पास, पुढे एस.टी. बाबांनी खिडकीची जागा, लिंबू आणि रिकामी पिशवी अशी तिन्ही साधनं घेतली होती. पहिल्या घाटाला लिंबू संपलं, दुसऱ्याला पिशवी. आई पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "आलंच हं आता तुमचं आरमार." गावाचा फाटा येईपर्यंत बाबांच्या अंगात जीव म्हणून राहिला नव्हता.

बस शेवटचं वळण उतरली आणि समुद्र एकदम समोर आला. नाकावर बुरूज होता. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पडका, दगड लोकांनी कुंपणाच्या गडग्यांना नेलेले, माथ्यावर एक पिंपळ. आणि गावाकडच्या खिडकीतून खाली पार तळापर्यंत, वाऱ्यावर हलत, आईचा लहरिया सोडलेला होता.

"अहो, माही साडी!" आई ओरडली. "उन्हानं रंग जाईन न तिचा!" एवढं म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

आम्ही फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीत दोन म्हातारे बसले होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही, ते डोळ्यांवर हात धरून बुरुजाकडे बघत होते.

"कित्येक वर्सांनी फडको लागलो," एक जण म्हणाला. "कोणाचो तरी माणूस इलो वाटता."

बाबा रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. घरातसुद्धा त्यांच्या तोंडून गावची बोली मी कधी ऐकली नव्हती. त्यांनी मान वर केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बायचो. बायचो माणूस इलो."